ग्राफीनचा कोपरा: संगणक नाही म्हणाला तरी पान पेशीत शिरलं

काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींमध्ये ग्राफीनची, म्हणजे कार्बनच्या अतिपातळ पापुद्र्यांची, पानं शिरत होती. सूक्ष्मदर्शकाखाली ती स्पष्ट दिसत होती. काही पानं कडेकडून अर्धवट आत गेलेली, तर काही अख्खीच्या अख्खी आत. त्याच सुमारास संगणक सांगत होता की एवढं मोठं पान पेशीच्या पटलातून, म्हणजे तिच्या बाहेरच्या पातळ आवरणातून, पार जाणं जवळजवळ अशक्य आहे, कारण त्याला लागणारी ऊर्जा तिथे उपलब्धच नाही. हे प्रकरण अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यातलं, प्रॉव्हिडन्स शहरातल्या ब्राऊन विद्यापीठातलं. २०१३ साली ते अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या 'प्रोसीडिंग्ज' या नियतकालिकात प्रसिद्ध झालं.

नॅनोकण आणि जिवंत पेशी यांच्या संगणकीय अभ्यासाबद्दल कुणी विचारलं की मी हेच उदाहरण आधी सांगतो. याहून मोठी, जास्त दिवस चाललेली सिम्युलेशनं, म्हणजे संगणकावर रचलेले प्रयोग, पुष्कळ आहेत. पण प्रयोग आणि गणित समोरासमोर भांडायला उभे राहिले, दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नव्हतं आणि ते भांडण नीट सुटलं, असं इतक्या स्वच्छपणे क्वचितच पाहायला मिळतं.

माणसं आणि माल

गटात तीन वेगवेगळ्या पेशांची माणसं होती. हुआजियान गाओ हे घन पदार्थांच्या यांत्रिकीचे अभ्यासक. एखादी वस्तू कुठे वाकेल, कुठे फाटेल, कुठे चिकटेल याचं गणित मांडण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. ॲग्नेस केन पॅथॉलॉजिस्ट. ॲस्बेस्टॉससारखे तंतू शरीरात जाऊन काय करतात हा त्यांचा जुना विषय. रॉबर्ट हर्ट अभियंते, कार्बनचे पदार्थ बनवणं आणि तपासणं हे त्यांचं काम. संगणकावरच्या कामात यिनफेंग ली आणि होंगयान युआन यांचा मोठा वाटा होता आणि पेशींवरचे प्रयोग ॲनेट फॉन डेम बुश यांनी केले.

ग्राफीन म्हणजे काय हे शिसपेन्सिलीवरून चटकन कळतं. पेन्सिलीत शिसं नसतंच, असतं ते ग्राफाइट. त्यात कार्बनच्या अणूंचे पापुद्रे एकावर एक रचलेले असतात आणि एका पापुद्र्यापासून दुसऱ्याचं अंतर फक्त ०.३३५ नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). त्यातला एकच पापुद्रा सुटा केला की ते ग्राफीन. २००४ साली मँचेस्टरमध्ये आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोवोसेलोव्ह यांनी साध्या चिकटपट्टीने तो सोलून काढला आणि २०१० साली त्यांना भौतिकीचं नोबेल मिळालं. बाजारात आणि कारखान्यांत जे येतं ते बहुतेक वेळा एका थराचं नसतं, मोजक्या थरांचं असतं. ब्राऊनच्या प्रयोगांतही अशीच पानं होती. त्यांची लांबी-रुंदी अर्ध्या मायक्रोमीटरपासून दहा मायक्रोमीटरपर्यंत (एक मायक्रोमीटर म्हणजे हजार नॅनोमीटर). आपल्या फुप्फुसातल्या पेशीची रुंदी साधारण दहा-वीस मायक्रोमीटर धरली, तर दहाचं पान म्हणजे घराच्या आत घराच्या निम्म्या आकाराचा पत्रा.

एवढी काळजी कशासाठी? कारण ही पानं कोरडी असताना धुळीसारखी उडतात. जाडी नगण्य असल्यामुळे ती हवेत तरंगतात. एरवी एवढा रुंद कण नाकात किंवा घशातच अडकायचा, पण ही पानं फुप्फुसात खोलवर पोचू शकतात, हे एडिंबरातल्या संशोधकांनी २०१२ साली दाखवून दिलं होतं. केन आणि गाओ यांच्यापुढे ताजं उदाहरणही होतं. २०११ साली याच गटाने कार्बन नॅनोनळ्यांवर, म्हणजे ग्राफीनच्या पापुद्र्याची गुंडाळी केल्यासारख्या बारीक नळ्यांवर, काम केलं होतं. लांब नळी पेशीला भिडते ती टोकाकडून. टोक गोल असल्यामुळे पेशी ते एखाद्या लहान गोल कणासारखं ओळखते आणि गिळायला लागते. पटलाच्या ताणामुळे नळी हळूहळू उभी होते आणि सरळ आत घुसते. तिची खरी लांबी पेशीला कळते तोवर उशीर झालेला असतो. ॲस्बेस्टॉसच्या लांब तंतूंचं दुखणंही याच जातीचं. मग नळीऐवजी सपाट पान असेल तर? पानाला टोकच नसतं. निदान कागदावर तरी नसतं.

पटल म्हणजे भिंत नव्हे

पेशीच्या पटलाची कल्पना विटांच्या भिंतीसारखी केली की पुढचं सगळं चुकतं. पाण्यावरचा तेलाचा तवंग डोळ्यासमोर आणावा. पटल बनतं ते फॉस्फोलिपिड नावाच्या रेणूंचं. अशा रेणूला एक पाणी आवडणारं डोकं आणि दोन तेलकट शेपट्या असतात. असे रेणू दोन थरांत उभे राहतात, डोकी बाहेरच्या पाण्याकडे आणि शेपट्या आतल्या बाजूला एकमेकींना लागून. एकूण जाडी चार-पाच नॅनोमीटर. थरातला प्रत्येक रेणू शेजाऱ्यांमधून सतत सरकत असतो. कुणी कुणाला धरून ठेवलेलं नसतं. थर टिकतो तो तेलकट शेपट्यांना पाणी नको असतं म्हणून.

ग्राफीनचा पृष्ठभागही तेलकट स्वभावाचाच. म्हणजे पटलाच्या मधल्या तेलकट भागात ग्राफीन एकदा पोचलं की त्याला तिथे सुखच आहे. शिकागोतल्या संशोधकांनी २०१० साली सिम्युलेशनमधून दाखवलं होतं की ग्राफीनचा छोटा तुकडा दोन थरांच्या मधोमध, सँडविचमधल्या कापासारखा, स्थिर राहू शकतो. आत गेल्यावर काय होईल याबद्दल फारसा वाद नव्हताच. अडचण दाराशी होती. तेलकट भागापर्यंत पोचायचं तर आधी पाणी आवडणाऱ्या डोक्यांची गच्च रांग बाजूला सारावी लागते.

भरड दळण

आता संगणकाकडे येऊ. दहा बाय दहा मायक्रोमीटरचं पटल अणू-अणूने मांडायचं म्हटलं तर काय होतं ते एकदा आकड्यांत बघा. एका फॉस्फोलिपिड रेणूला पटलावर साधारण ०.६५ चौरस नॅनोमीटर जागा लागते. म्हणजे एका थरात सुमारे पंधरा कोटी रेणू आणि दोन्ही थर मिळून तीस कोटी. एका नेहमीच्या रेणूत १३४ अणू, म्हणजे चार हजार कोटी अणू झाले, आणि पाणी अजून मोजलेलंच नाही. त्याच मापाच्या एकाच थराच्या ग्राफीन पानात आणखी जवळजवळ ३८० कोटी अणू. त्यातच वेळेचं गणित वेगळं. अणूंची थरथर पकडायची तर दर दोन फेम्टोसेकंदांनी (सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग म्हणजे एक फेम्टोसेकंद) प्रत्येक अणूवरचं बल नव्याने काढावं लागतं. एका मायक्रोसेकंदासाठी अशी पन्नास कोटी पावलं टाकावी लागतात. पेशी पान गिळायला मिनिटं किंवा तास घेते.

म्हणून भरड दळायचं. तीन-चार जड अणूंचा एक मणी करायचा, पाण्याचे चार रेणू मिळून एक मणी, आणि मण्यांमधल्या बलांचे आकडे असे बसवायचे की तेल आणि पाणी खऱ्यासारखेच वेगळे व्हावेत. मण्यांची संख्या कमी होते, पावलं लांब टाकता येतात आणि काही आठवड्यांत काही मायक्रोसेकंदांचा चित्रपट हाती लागतो. ज्या जागी बारीकसारीक तपशील निर्णायक असतो, तेवढ्याच जागी अणू-अणूचं मॉडेल लावायचं. ब्राऊनच्या गटाने दोन्ही वापरली आणि त्यांच्या जोडीला कागदावरचं गणितही. (हे असं वेगवेगळ्या मापांवर काम करण्याची पायाभरणी ज्यांनी केली त्या मार्टिन कार्प्लस, मायकेल लेव्हिट आणि एरिए वॉर्शेल यांना त्याच वर्षी, २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये, रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. मला हा योगायोग फार आवडतो.)

भरड करताना काय गाळलं जातं याची सगळ्यांना जाणीव असते. मण्यांची चर्चा होते, बलांची चर्चा होते, पावलाच्या लांबीवर भांडणं होतात. पण या प्रकरणातली चूक तिथे नव्हती. ती पानाच्या आकारात होती, आणि आकाराकडे सहसा कुणी संशयाने पाहत नाही.

सरळ कडेचा हिशोब

पहिल्या सिम्युलेशनमध्ये ग्राफीनचं पान नीटस चौकोनी होतं. यात नवल काहीच नाही. व्हीएमडी हे रेणूंची चित्रं काढायचं सॉफ्टवेअर बहुतेक सगळेच वापरतात. त्यात ग्राफीन बनवायची खिडकी उघडली की ती तुम्हाला विचारते: एक बाजू किती नॅनोमीटर, दुसरी बाजू किती आणि कड आर्मचेअर हवी की झिगझॅग (कडेवरच्या अणूंच्या मांडणीचे हे दोन प्रकार). आकडे भरून बटण दाबलं की पडद्यावर षटकोनांची जाळी उमटते, चारही कडा सुतासारख्या सरळ. त्या गटाने कोणतं साधन वापरलं हा मुद्दा नाही. हे काम करणाऱ्या कुणाच्याही हातून पानाचा पहिला आकार असाच निघतो, कारण एक षटकोन शिस्तीने पुन्हा पुन्हा मांडत जाणं संगणकाला सर्वांत सोपं असतं.

आता असं पान उभं करून त्याची सरळ कड पटलाला लावायची आणि आत ढकलायची. कडेच्या प्रत्येक नॅनोमीटरखाली लिपिडची डोकी आहेत आणि ती सगळी एकदम बाजूला व्हायला हवीत. इथे ऊर्जेचं माप समजून घ्यायला हवं. शरीरात काहीही स्थिर नसतं, पाण्याचे रेणू सगळ्याला सतत धक्के देत असतात. या धक्क्यांच्या ऊर्जेचं जे माप त्याला केटी म्हणतात. ३७ अंश सेल्सिअसला ते सुमारे ४.३ × १०⁻²¹ ज्यूल इतकं इवलं असतं. ऊर्जेचा चढ पाच केटीचा असेल तर साधारण दीडशे धडकांतली एक पार होते. वीस केटीचा असेल तर अठ्ठेचाळीस कोटींतली एक. रेणू सेकंदाला अब्जावधी धडका मारतात, त्यामुळे वीसचा चढसुद्धा अधूनमधून ओलांडला जातो. शंभर केटीला मात्र विश्वाचं वयही पुरत नाही.

समजावण्यापुरता एक आकडा धरू: कडेच्या एका नॅनोमीटरला तीन केटी लागतात. दहा नॅनोमीटरच्या कडेला तीस केटी, म्हणजे दहा लाख कोटी धडकांतली एखादी. दहा मायक्रोमीटरच्या कडेला तीस हजार केटी. हे आकडे माझे आहेत, समजावण्यासाठी घेतलेले. पण चढ कडेच्या लांबीबरोबर वाढत जातो हे खरं. ब्राऊनच्या सिम्युलेशननेही हेच सांगितलं: अशा आकाराच्या पानांना पटल भेदायचं तर चढ केटीच्या तुलनेत फार मोठा आहे.

आणि बशीतल्या पेशींत पानं होतीच.

भांडण

अशा वेळी दोन सोपे रस्ते असतात आणि दोन्हीकडे भरपूर वर्दळ असते. एक म्हणजे संगणकवाल्यांनी म्हणायचं की जिवंत पेशीत काहीतरी वेगळीच यंत्रणा असणार, ती आमच्या मॉडेलमध्ये नाही, त्यामुळे आमचा निष्कर्ष आमच्यापुरता बरोबर. दुसरा म्हणजे प्रयोगवाल्यांनी म्हणायचं की सिम्युलेशनचा काय भरवसा, आकडे हवे तसे फिरवता येतात. दोन्ही रस्त्यांनी गेलं की दोन वेगळे शोधनिबंध निघतात, दोन वेगळ्या नियतकालिकांत छापले जातात आणि ते एकमेकांशी कधी बोलत नाहीत. यातलं पहिलं काम एकटंच छापून आलं असतं, तर मोठी ग्राफीन पानं पेशीत शिरत नाहीत असा दाखला पुढची कित्येक वर्षं देत राहिले असते. सुरक्षिततेच्या चर्चेत असा दाखला किती लवकर भिंतीत चिणला जातो हे ज्यांनी पाहिलंय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

गाओ आणि केन एकाच प्रकल्पात असल्यामुळे हे दोन्ही रस्ते बंद होते. एकाच टेबलावर दोन्ही उत्तरं पडली होती. गणित तपासलं तर चूक नाही, फोटो तपासले तर खोटे नाहीत. मग प्रश्न बदलावा लागला: आपण पडद्यावर आत ढकलतोय ते पान आणि बशीत पडलेलं पान एकच आहे का?

अभ्रकाचा तुकडा लहानपणी नखाने सोलला असेल तर याचं उत्तर हातालाच माहीत असतं. पापुद्रा निघतो तो कधी चौकोनी निघत नाही. कुठे जीभ लांब येते, कुठे चावा घेतल्यासारखी खाच पडते, एका बाजूला पायऱ्या उमटतात, आणि कोपरा हमखास टोकदार राहतो. ग्राफाइट सोलून काढलेल्या ग्राफीनचंही तेच होतं. खऱ्या पानाच्या कडेला दाते असतात, कंगोरे असतात, वेडेवाकडे कोपरे असतात. हर्ट यांच्यासारखा पदार्थ जाणणारा माणूस गटात असणं इथे कामाला येतं. असा माणूस 'ग्राफीन' हा शब्द ऐकल्यावर षटकोनांची जाळी डोळ्यापुढे आणत नाही, आपल्या बाटलीतला माल आणतो.

कोपऱ्याचा हिशोब

सिम्युलेशन पुन्हा लावलं, यावेळी कोपऱ्यांसह आणि दात्यांसह. चित्र पालटलं.

कापडाच्या दुकानात मीटरभर कापड तोडताना दुकानदार काय करतो ते आठवा. ताग्याच्या काठाला कात्रीने बोटभर चीर देतो, कात्री खाली ठेवतो आणि दोन्ही हातांनी कापड ओढतो. टर्रकन सरळ रेषेत फाटतं. तेच कापड चीर न देता ओढून बघा, बोटं दुखतील. पूर्ण रुंदीवर एकदम जोर लावायचा की एका जागी सुरुवात करून ती पुढे न्यायची, एवढाच फरक.

पटलाला भिडलेला कोपरा असाच चीर देतो. कोपऱ्याखाली एका क्षणी लिपिडची मोजकीच डोकी असतात. ती बाजूला करायला लागणारी ऊर्जा औष्णिक धक्क्यांच्या आवाक्यात येते. आणि मला सगळ्यात सुंदर वाटतं ते हे, की पान केवढं आहे याच्याशी या पहिल्या पावलाचा काही संबंध नसतो. अर्ध्या मायक्रोमीटरचं पान असो की दहाचं, पटलाशी भिडलेला कोपरा नॅनोमीटरभरच असतो. चढाची उंची पानाच्या मापापासून सुटते.

पुढे काय होतं ते वर येऊन गेलंच आहे. कोपरा डोक्यांची रांग ओलांडून आतल्या तेलकट भागात पोचला की शेपट्या ग्राफीनच्या पृष्ठभागाला येऊन लागतात. या चिकटण्यातून ऊर्जा परत मिळते. त्या जोरावर कडेचा पुढचा तुकडा आत ओढला जातो, मग त्याच्या पुढचा. भेद कडेच्या लांबीने सरकत जातो. सरळ कडेच्या हिशोबात सगळं बिल एकदम भरायचं होतं. इथे ते हप्त्याहप्त्याने भरलं जातं आणि प्रत्येक हप्त्यानंतर काही रक्कम परतही येते. पटल फाटून लोंबत राहत नाही. लिपिड द्रवरूप असल्यामुळे ते पानाच्या दोन्ही अंगांना लागून बसतात. कापडाची उपमा इथवरच चालते. कापड फाटलं की फाटलं.

एक गोष्ट इथे जरा थांबून पाहण्यासारखी आहे. मॉडेलमध्ये पेशीची कुठलीही नवी यंत्रणा घातली गेली नाही. ग्राफीनचा स्वभाव बदलला नाही, लिपिडचाही नाही. बदलली ती फक्त कड. आपल्याला जे 'अस्वच्छ' वाटलं म्हणून कुणी मांडलं नव्हतं, तेच नेमकं आत जाण्याचं दार निघालं.

पुन्हा बशीकडे

आता संगणकाने एक नेमकी गोष्ट सांगितली होती आणि ती तपासता येणार होती: पानं कड पुढे करून आणि कोपऱ्याकडून शिरताना दिसायला हवीत, सपाट पडून नाही. फॉन डेम बुश यांनी माणसाच्या फुप्फुसाच्या आवरणातल्या पेशी, माणसाच्या त्वचेतल्या केरॅटिनोसाइट पेशी आणि उंदराच्या मॅक्रोफेज पेशी घेतल्या आणि बशीत ग्राफीनबरोबर ठेवल्या.

या तीन पेशींची निवड मला महत्त्वाची वाटते. मॅक्रोफेज ही शरीरातली भक्षक पेशी. परकं काही दिसलं की ते गिळणं हा तिचा धंदाच. एकट्या मॅक्रोफेजमध्ये पान सापडलं असतं तर त्यात विशेष काही नव्हतं, तिने ते ओढून घेतलं असं म्हणता आलं असतं. त्वचेच्या आणि फुप्फुसाच्या आवरणाच्या पेशी मात्र अशा भक्षक नाहीत. त्यांच्यातही तीच रीत दिसली तर दाराशी काम करणारी गोष्ट पेशीच्या भुकेपेक्षा जास्त मूलभूत आहे असं मानायला जागा मिळते. शिवाय माणसाचा या धुळीशी संबंध येईल तो कातडी आणि श्वास या दोनच वाटांनी.

हे पाहणं सोपं नाही. पेशीही कार्बनच्या रेणूंची आणि ग्राफीनही कार्बनचंच. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी पेशी राळेत बसवून तिचे नॅनोमीटरांत मोजावे लागतील इतके पातळ काप करावे लागतात. त्या कापात पान आडवं सापडलं तर ओळखूही येत नाही. कडेने सापडलं तर गर्द, बारीक रेघ दिसते. सोबतीला कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली प्रतिदीप्त रंगांनी पेशी उजळून पाहिल्या गेल्या. चित्रांत पानं खडबडीत कडांकडून आणि कोपऱ्यांकडून आत शिरताना दिसली, आणि दहा मायक्रोमीटरपर्यंतची पानं पूर्ण आत गेलेलीही दिसली.

आत गेलेलं एवढं पान काय करतं हा केन यांचा पुढचा प्रश्न होता. पानं आत गेलेली दिसली म्हणजे पेशी तात्काळ मेली असा अर्थ होत नाही. पण आतल्या सगळ्या हालचालींच्या मध्ये कडक पत्रा उभा आहे हे नक्की.

मॉडेलमध्ये जे नव्हतंच

या कामाचं कौतुक करताना त्याच्या सीमा पुसून टाकणं मला पटत नाही. सिम्युलेशनमधलं पटल हे निव्वळ लिपिडचे दोन थर होते. खऱ्या पेशीच्या पटलात प्रथिनं ठासून भरलेली असतात, बाहेरच्या बाजूला साखरेच्या साखळ्यांचं दाट गवत असतं आणि आतून ॲक्टिन या प्रथिनाच्या तंतूंची चौकट पटलाला आधार देत असते. कोपऱ्याने चीर दिली, पण पुढे दहा मायक्रोमीटरचं पान अख्खं आत नेण्यात त्या चौकटीचा हात असू शकतो. सिम्युलेशन सुरुवात दाखवतं, तास-दोन तासांची कथा ते सांगू शकत नाही.

दुसरी गोष्ट, मॉडेलमधलं ग्राफीन कोरं होतं. रक्तात किंवा फुप्फुसातल्या द्रवात नॅनोकण क्षणभरही कोरा राहत नाही. प्रथिनं येऊन त्याच्यावर थर धरतात आणि पेशी पाहते ती हा थर. असा थर बसलेला कोपरा तितकाच टोकदार राहील का? ग्राफीन ऑक्साइड घेतलं तर हिशोब आणखी बदलतो, कारण त्याच्यावर ऑक्सिजनचे गट असल्यामुळे ते इतकं तेलकट राहत नाही. म्हणून 'ग्राफीन पेशीत शिरतं' हे वाक्य मोकळं सोडणं चूक आहे. किती थरांचं, कसं सोललेलं, कशात मिसळलेलं, कुठल्या पेशीसमोर, हे सगळं वाक्यातच यायला हवं.

त्याच २०१३ साली 'नेचर नॅनोटेक्नॉलॉजी'मध्ये चीन आणि अमेरिकेतल्या संशोधकांचं आणखी एक काम आलं. त्यात ई. कोलाय जिवाणू घेतले होते. तिथे पटल नुसतं कापलं जात नव्हतं, ग्राफीनचं पान पटलातले फॉस्फोलिपिड रेणू उपसून स्वतःच्या अंगावर ओढून घेत होतं आणि पटल विरत जात होतं. सिम्युलेशनमध्ये हे उपसणं रेणू-रेणूने दिसतं आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणूंची मोडलेली पटलं दिसतात. म्हणजे ग्राफीनचा तोच तेलकट स्वभाव एका ठिकाणी शांतपणे आत शिरतो आणि दुसऱ्या ठिकाणी पटलच उद्ध्वस्त करतो. जिवाणू मारणारी पट्टी बनवणाऱ्याला हे हवं आहे. औषध पेशीत पोचवू पाहणाऱ्याला ते अजिबात नको आहे. आणि कारखान्यात हे पोतं उघडणाऱ्या कामगाराला या दोन्हींशी देणंघेणं नाही. त्याच्या नाकावर मुखपट्टी आहे का, एवढंच त्याच्या दृष्टीने महत्त्वाचं.

माल बनवणाऱ्यांसाठी यातून एक हाताला येणारी गोष्ट निघते. पानाची कड कशी आहे हे सोलण्याच्या पद्धतीवर अवलंबून असतं. जाडी, लांबी आणि शुद्धता या गोष्टी नोंदवायची सवय सगळ्यांना आहे. कडेचा खडबडीतपणाही तितक्याच काळजीने मोजला आणि नोंदवला तर पेशीवर होणाऱ्या परिणामांचे वेगवेगळ्या प्रयोगशाळांतले निकाल एकमेकांशी ताडून पाहता येतील. ग्राफीनच्या विषारीपणाबद्दलचे उलटसुलट निकाल वाचताना मी आता आधी पान कसं बनवलं होतं तो परिच्छेद शोधतो.

गाओ यांनी पुढे शिन यी यांच्याबरोबर हे गणित वाढवलं. २०१५ साली त्यांनी पान पटलाला जवळजवळ काटकोनात कापत जाईल की समांतर चिकटून बसेल, हे कशावर ठरतं ते मांडलं. २०१६ साली केन आणि गाओ यांचा गट पुन्हा नॅनोनळ्यांकडे वळला, यावेळी दाराशी न थांबता. गिळलेली लांब, ताठ नळी पेशीच्या आतल्या लायसोसोम नावाच्या पिशवीत अडकते, तिच्या भिंतीवर टोक टेकवून राहते आणि त्या टोकाशी लिपिड उपसले जाऊन पिशवी गळायला लागते, हे त्यांनी सिम्युलेशन आणि प्रयोग जोडीने दाखवलं. पिशवीत असतात ती पचन करणारी विकरं.